गादीखालच्या सुऱ्याचं म्यान

सुऱ्याला म्यान कशाचं करावं, या एका प्रश्नावर मी मुलीच्या जन्मानंतर मिळालेली जवळजवळ सगळी रजा घालवली, हे सांगताना आजही लाज वाटते. लोक त्या रजेत बाळाचे फोटो काढतात, लंगोट बदलायला शिकतात. मी नायलॉन, चामडं, प्लास्टिक आणि लाकूड यांची तुलना करत बसलो होतो. बायको माझ्याशी तोडून बोलत होती आणि आई झोपत नव्हती.

आई झोपत नव्हती, हे खरं दुखणं. बाकीचं सगळं त्यातून निघालेलं.

मुलगी झाली तेव्हा बायकोच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं होतं, म्हणून बाळंतपणाला साताऱ्याहून माझी आई आली. वय अडुसष्ट, रक्तदाबाची गोळी चालू, विमानात बसायची दुसरीच खेप. इथे परदेशात, बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये पोचल्यावर तिने पाणी प्यायच्या आधी बॅग उघडली. डिंकाचे लाडू निघाले, अळीव निघाले, बाळंतशोपेची पुडी निघाली, जुन्या मऊ साड्यांची शिवलेली सहा दुपटी निघाली. आणि दुपट्यांच्या मधोमध, टॉवेलात गुंडाळून वर सुतळी बांधलेला एक सुरा निघाला.

तो मी लहानपणापासून पाहिलेला होता, पण नेहमी कपाटाच्या वरच्या फळीवर. गावच्या लोहाराने घडवलेला. वीतभर पातं, पाठीकडे जाड, टोकाकडे किंचित डावीकडे गेलेलं, बाभळीची मूठ. मिटायची सोय नाही आणि म्यानही नाही.

"हा तुझ्या गादीखाली होता," आई म्हणाली. "आता हिच्या."

आमच्याकडे बाळाच्या उशाशी लोखंड ठेवतात. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा होते, त्या पूजेत ते मांडायचं आणि मग सव्वा महिना बाळाच्या अंथरुणाखालून हलवायचं नाही. कुणी विळा ठेवतं, कुणी अडकित्ता. आमच्या घरात हा सुरा. मला त्यात वावगं काही वाटलं नाही, पण मला काय वाटतं हे विचारणारं कुणी नव्हतं. बायको दोन दिवसांपूर्वी पोटावर टाके घेऊन घरी आलेली होती आणि तिच्या डोक्यात हॉस्पिटलच्या नर्सचे शब्द ताजे होते.

"आई, क्रिबमध्ये साधी उशीसुद्धा ठेवू नका म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "हा तर सुरा आहे."

"उशीखाली नाही ग. गादीखाली. तिला कुठे लागतोय?"

"उघडं पातं आहे ते. गादी केवढीशी पातळ. चादर बदलताना माझाच हात कापायचा."

दोघी आवाज न चढवता बोलत होत्या आणि ते मला जास्त भीतीदायक वाटत होतं. शेवटी बायको म्हणाली, "म्यान असेल तर ठेवा. नीट, घट्ट म्यान. मग माझं काही म्हणणं नाही."

मला हायसं वाटलं. म्यानच ना? एका दिवसाचं काम. आई म्हणाली, "बरं. म्यान येईपर्यंत मी आहे." आणि तिने स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं स्टूल आणून क्रिबशेजारी मांडलं, सुरा टॉवेलसकट मांडीवर घेतला आणि बसली.

ती तिथून उठेचना. आंघोळीला आणि स्वयंपाकाला उठायची तेवढीच, तेही सुरा टॉवेलासकट क्रिबच्या पायाशी ठेवून, घाईघाईने. रात्री मी आडवं हो म्हटलं तर भिंतीला डोकं टेकवून डुलकी घ्यायची आणि बाळ नुसतं हललं तरी दचकून उठायची. तिसऱ्या दिवशी तिचे पाय घोट्यापासून सुजले. चौथ्या दिवशी रक्तदाब मोजला तर यंत्रावरचा आकडा बघून मी तो परत मोजला. आणि बायकोला, जिला धड बसताही येत नव्हतं, तिला मांडीवर सुरा घेतलेल्या सासूच्या नजरेसमोर बाळाला पाजायचं होतं. तिची चिडचिड व्हायची आणि ती सगळी माझ्यावर निघायची, कारण आईवर काढणं तिला बरं वाटत नव्हतं.

मी एका बँकेत कम्प्लायन्सला आहे. लोकांनी नियम पाळले की नाही, हे बघणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे मी सवयीने एक शीट उघडली आणि अटी लिहून काढल्या. बायकोच्या अटी: वास नको, सुटून तोंडात जाईल असं बटण नको, उलटं धरून हलवलं तरी सुरा बाहेर येता कामा नये. आईची अट एकच, पण तिचा अर्थ लावणं अवघड: "चालण्यासारखं असावं." आणि स्वतः सुऱ्याचीही एक अट होती. तो जुन्या लोखंडाचा, स्टेनलेस नव्हे. इथल्या दमट हवेत त्याच्यावर श्वास सोडला तरी डाग पडायचा.

पहिलं म्यान ऑनलाइन मागवलं. काळं नायलॉनचं, सगळ्या सुऱ्यांना बसतं असं लिहिलेलं. आमच्या सुऱ्याला ते बसलं नाही, कारण आमचा लोहार सगळ्या सुऱ्यांसारखा सुरा घडवणारा नव्हता. जोर लावून बसवला तेव्हा आतून कर्र असा आवाज आला आणि पात्याने शिवण उसवत बाहेर डोकं काढलं. बायकोने ते म्यान दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकलं. 

मग मासे धरणाऱ्या लोकांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर मला एका चिनी अंकलचा पत्ता लागला. चोआ चू कांगला स्वतःच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या मागच्या अंगाला टेबल टाकून म्यानं करतात म्हणे. निरोप पाठवला. उत्तर आलं, सुरा घेऊन या, माप लागेल. मी परत येईपर्यंत बाळाला मांडीवरून खाली ठेवायचं नाही, या बोलीवर आईने सुरा सोडला.

आता हा सुरा न्यायचा कसा? इथे हत्यार घेऊन हिंडताना पोलिसांनी अडवलं तर सबळ कारण सांगावं लागतं. मी सुरा टॉवेलात गुंडाळला, टॉवेल पुठ्ठ्यात, पुठ्ठा चिकटपट्टीने बांधून पिशवीत, पिशवी सॅकच्या तळाशी, वर बाळाचे लंगोट. एलआरटीत, म्हणजे इथल्या छोट्या लोकल गाडीत बसलो आणि पूर्ण प्रवासभर मनातल्या मनात घोकत राहिलो. सर, हा बाळासाठी आहे. सर, आमच्यात बाळाच्या गादीखाली सुरा ठेवतात. जितकं घोकावं तितकं ते वाईट ऐकू येत होतं. वर्षानुवर्षं लोकांना कागदपत्रं मागणारा मी, माझ्याकडे या वस्तूचं एकही कागदपत्र नव्हतं.

अंकल सत्तरीचे असावेत. बनियन, चष्मा कपाळावर. त्यांनी सुरा उलटापालटा करून पाहिला. "फिशिंग?"

"नो."

"कॅम्पिंग?"

"नो. फॉर बेबी."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी घोकलेलं सगळं बोलायला तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "अंडर द मॅट्रेस, इज इट? माय मदर ऑल्सो. बट सिझर्स लाह. सिझर्स कॅन क्लोज."

घरी येऊन मी आईला म्हटलं, कात्री ठेवू या का? तिला म्यान लागत नाही. आई म्हणाली, "कात्री आपली नाही." एवढंच. विषय बंद.

अंकलनी सल्ला दिला चामड्याचा. नायलॉनसारखं फाटणार नाही, कारण शिवणीच्या आत चामड्याची एक जाड पट्टी घालतात आणि धार टाक्यांना न लागता त्या पट्टीवर टेकते. बटणाऐवजी मूठच घट्ट बसेल असं ओलं करून घडवतात, वाळलं की त्याच आकाराचं राहतं. झाडाच्या सालीने कमावलेलं घ्यायचं, रसायनाने कमावलेलं लोखंडाला लवकर गंजवतं. मला ते सगळं पटलं. मी शीटमध्ये नोंदलं. माप उतरवून घेऊन त्यांनी सुरा माझ्याबरोबर परत दिला होता; तीन दिवसांनी म्यान तयार झालं आणि खरं सांगतो, सुंदर होतं. मधासारखा रंग, बारीक टाके. मी ते अभिमानाने आईच्या हातात दिलं.

तिने वास घेतला. "चामडं?"

"चांगलं आहे, आई. सालीने कमावलेलं."

"सालीने कमव नाहीतर सोन्याने. बाळाच्या डोक्याखाली चामडं ठेवायचं? त्यापेक्षा चप्पलच ठेव ना."

"मी चामड्याचा पट्टा घालतो, पाकीट वापरतो."

"ते घेऊन देवासमोर बसतोस का?"

मी पाऊण तास वाद घातला. मी त्या वेळी पस्तिशी ओलांडलेला, बँकेतल्या सतरा लोकांना समजावणारा माणूस, आणि मला माझ्या आईला एक म्यान पटवता येत नव्हतं. शेवटी तिलाच माझी दया आली असावी. म्हणाली, ठीक आहे, पण आधी पूजा करते. तिने सुरा धुतला, हळदकुंकू लावलं, वर फुलाने पाणी शिंपडलं, हात जोडले आणि ओला सुरा तसाच म्यानात घातला. मी तेव्हा फोनवर होतो. बघितलं असतं तर ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरा ओढला तर निघेना. निघाला तेव्हा पात्यावर नारिंगी डागांची रांग होती आणि म्यानाच्या तोंडाशी हळद आणि गंज यांचा चिखल झालेला होता. चामड्याने पाणी शोषलं होतं आणि रात्रभर लोखंडाला पाजलं होतं. रसायनशास्त्र न शिकलेल्यालाही कळेल.

आई म्हणाली, "बघ. त्यालाच सोसलं नाही."

"आई, तू ओला घातलास!"

"पूजा काय कोरडी करतात?"

आणि परत स्टुलावर जाऊन बसली. मी बाल्कनी नसलेल्या फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळे चिडल्यावर जायला जागा नाही. खाली उतरून ब्लॉकभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि एका खांबाला लाथ घातली. अंगठा दुखला.

परत एलआरटी, परत पुठ्ठा, परत सर हा बाळासाठी आहे. अंकलनी गंज घासून काढला, तेल लावलं आणि या वेळी चामड्याचं नावही काढलं नाही. त्यांनी काळ्या जाड प्लास्टिकचा एक पत्रा काढला. कायडेक्स म्हणतात त्याला. छोट्या ओव्हनमध्ये तापवून पापडासारखा लवचीक केला, सुऱ्याभोवती दुमडला आणि दोन फोमच्या फळ्यांत दाबून धरला. थंड झाल्यावर कडा घासल्या, रिव्हेट मारले. सुरा आत घातला की टक् असा आवाज यायचा आणि मग उलटा धरून झटकला तरी हलायचा नाही. काढायचा तर मुठीजवळच्या कंगोऱ्यावर अंगठा दाबायचा, की टक्, हातात. पाणी शोषत नाही. वास नाही. बटण नाही. बोटाएवढ्या जाडीचं म्यान, गादीखाली कळणारसुद्धा नाही.

बायकोने ते घेतलं, उलटं केलं, आमच्या पलंगाच्या गादीवर आपटलं. सुरा बाहेर आला नाही. "ओके," ती म्हणाली. तिच्या तोंडून त्या आठवड्यात मला मिळालेला हा सर्वात गोड शब्द होता.

आईने प्लास्टिकवर नख वाजवून पाहिलं. "प्लास्टिकला विटाळ नसतो," असं तिने स्वतःलाच सांगितलं आणि सुरा म्यानासकट क्रिबच्या गादीखाली, बाळाच्या डोक्याच्या बाजूला सारला. आणि मग ती झोपली. आतल्या खोलीत, खरोखर पलंगावर आडवी होऊन, रात्रभर. सकाळी तिचा चेहरा पाहिला तर दहा वर्षं मागे गेलेला. दुसऱ्या दिवशी पायांची सूजही उतरली. बायकोने लाडू मागून घेतला. मी शीटवर शेवटच्या रकान्यात हिरवा रंग भरला. त्या म्यानावर माझं इतकं प्रेम बसलं होतं की कुणी बघत नसताना मी ते गादीखालून काढून टक् टक् करून बघायचो आणि परत ठेवायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबागाडीचा खोका आला. भलामोठा, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेला. कात्री स्वयंपाकघरात कुठेतरी होती. बायको झोपली होती, आई आंघोळीला गेली होती, बाळ क्रिबमध्ये गाढ. आणि सुरा हाताच्या अंतरावर. मी हात घातला, अंगठा दाबला, टक्, सुरा हातात आला. म्यान गादीखालीच राहिलं. हॉलमध्ये जाऊन मी पट्ट्या कापल्या, पुठ्ठा फाडला, थर्मोकोलचे तुकडे काढत बसलो. पाच मिनिटं झाली असतील.

आई आंघोळ करून आली. ओले केस, खांद्यावर पंचा. येताजाता गादीखाली हात घालून बघायची तिची सवय झाली होती, तसा तिने घातला. हाताला म्यान लागलं. तिने उचललं. हलकं.

तिने जो आवाज काढला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. मी धावत आत गेलो, हातात सुरा तसाच. आईने बाळाला उचलून छातीशी असं आवळलं होतं की बाळ किंचाळत होतं, आणि आई तिच्या तोंडाशी कान नेऊन तिचा श्वास ऐकत होती, इतक्या मोठ्याने रडणाऱ्या बाळाचा. बायको पोटाला हात लावून दारात येऊन उभी राहिली. "काय झालं? काय झालं?"

"काही झालेलं नाही!" मी ओरडलो. आणि मग माझं सगळं बाहेर पडलं. दोन आठवड्यांचं. "पाच मिनिटं, आई! खोका कापायला नेला पाच मिनिटं! तुझ्या या खुळापायी मी चोर असल्यासारखा सुरा घेऊन गाडीतून हिंडतोय. हिचे टाके ओले आहेत आणि ती तुझ्या मर्जीने श्वास घेतेय. इथे हॉस्पिटल आहे, डॉक्टर आहेत. लोखंडाच्या एका तुकड्याने काय होतं? सांग ना, काय होतं?"

मी हे सगळं तिच्यासमोर सुरा नाचवत बोलत होतो. ते मला नंतर कळलं.

आई पलंगाच्या कडेला बसली. बायकोने पुढे होऊन हळूच बाळ काढून घेतलं. आईने दिलं. मग ती माझ्याकडे न बघता, माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "मीही पाच मिनिटंच नेला होता."

"कुठे?"

"तुझ्या आधी एक होती. मुलगी."

मला हे माहीत नव्हतं. मी एकुलता एक, असंच लहानपणापासून ऐकलेलं. घरात फोटो नाही, तारीख नाही, कधी कुणी एक शब्द बोललेलं नाही. बाबा जाऊन चार वर्षं झाली, तेही न बोलता गेले.

"नववा दिवस होता तिचा," आई म्हणाली. "बारशासाठी गव्हाचं पोतं आलं होतं. सुतळीची गाठ सुटेना. घरात कुणी नव्हतं. मी म्हटलं, आत्ता आणून ठेवते. काढला, सुतळी कापली, गहू डब्यात ओतले. परत आले तर..." तिने हात नुसता हलवला.

बायको बाळाला घेऊन तिच्या शेजारी बसली होती.  मी जे बोललो ते बँकेतल्या माणसासारखं होतं. "आई, पण त्याचा आणि सुऱ्याचा काय संबंध?"

"ताप होता तिला आदल्या दिवसापासून. डॉक्टर म्हणाले, तो डोक्यात गेला. मला कळतं रे ते. मी काय अडाणी नाही." तिने पंच्याने तोंड पुसलं. "पण सुरा माझ्या हातात होता ना."

मी सुरा खाली ठेवला. कुठे ठेवावा कळेना, म्हणून जमिनीवर, पायांजवळ. मला स्वतःची किळस आली. मला वाटत होतं, मी दोन आठवडे एका म्हातारीच्या हट्टाशी भांडतोय. ती चाळीस वर्षं स्वतःच्या हाताशी भांडत होती.

आई म्हणाली, "त्या चिनी माणसाला सांग, म्यान असं कर की निघणारच नाही. तुलाही काढता यायला नको. मलाही नको."

मी अंकलना फोन केला तेव्हा ते चिडले. तो त्यांच्या धंद्याचा प्रश्न होता. सुरा निघत नाही ते म्यान कसलं? निघावा म्हणूनच ते इतकी वर्षं मिलिमीटर मिलिमीटर घासत आले होते. गोंद लावायचा तर प्लास्टिकला तो धड धरत नाही, कधीतरी सुटेल. लाकूड हवं. पण त्यांच्याकडचं लाकूड नवीन, एसीच्या हवेत आक्रसेल, तडकेल. जुनं हवं, वर्षानुवर्षं वाळलेलं, आणि सागासारखं दणकट. "यू हॅव?" त्यांनी असं विचारलं की नाही म्हणावं आणि फोन ठेवावा.

मी घरभर बघितलं. आमच्या फ्लॅटमध्ये जे लाकूड म्हणून दिसतं ते सगळं भुसा दाबून केलेलं. बायको ओट्यापाशी उभी राहून माझी शोधाशोध बघत होती. मग तिने कपाटातून पोळपाट काढला. शिसवी, जाडजूड, लग्नात तिच्या आईने पुण्याहून दिलेला, आठ वर्षं पीठ आणि तेल पिऊन गुळगुळीत झालेला.

"हा ने," ती म्हणाली.

"अगं, पण पोळ्या?"

"ओट्यावर लाटीन. ने तू."

अंकलनी पोळपाट हातात घेतला, त्यावर अंगठा फिरवला. हे काय आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग का करायचं तेही सांगितलं, या वेळी काही न घोकता, गव्हाच्या पोत्यापासून. माझं इंग्रजी मध्येच अडकलं. त्यांनी चष्मा काढून बनियनला पुसला. नंतर म्यान म्हणजे काय हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. "ग्लू ओन्ली कॅनॉट," एवढंच म्हणाले. "मस्ट पुट पिन. टू पिन."

पोळपाटातून दोन फळ्या निघाल्या. एकीत त्यांनी पात्याचा आकार कोरला, टोकाकडचा तो किंचित डावीकडचा बाकही. पात्याला तेल लावायला त्यांनी मला दिलं. म्हणाले, तू लाव, यानंतर कुणी लावणार नाही. मी लावलं आणि कडा पुसून कोरड्या केल्या. त्यांनी दोन्ही फळ्या गोंदाने मिटवल्या, पात्याच्या मुठीजवळच्या भागाला भोकं पाडून दोन पितळी खिळे लाकडातून आणि लोखंडातून आरपार ठोकले आणि रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवलं; ती रात्र आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाहेर फक्त बाभळीची मूठ राहिली. दुसऱ्या दिवशी घेऊन येताना मी ते सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवलं, मूठ बाहेर, उघडं. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण कुणीच विचारलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आई स्टुलावर होती. मी तिच्या हातात ते दिलं. तिने आधी लाकूड ओळखलं. "पोळपाट?" तिने बायकोकडे पाहिलं. बायको बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली.

मग आईने म्यान गुडघ्यांत धरलं, मूठ दोन्ही हातांनी पकडली आणि ओढली. नाही निघाली. तिने पदर खोचला, परत पकडली, दात आवळून ओढली. हाताच्या शिरा वर आल्या. तिचा श्वास लागला. मी म्हटलं, आई, पुरे. ती थांबली नाही. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि मूठ केसभरही हलली नव्हती.

"मलाही निघत नाही," ती म्हणाली.

तिने ते गादीखाली ठेवलं, स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन पडली. चार वाजता बाळ रडायला लागलं, टिपेच्या आवाजात, भुकेने लाल होऊन. मी सवयीने आतल्या दाराकडे बघितलं. आई उठली नाही. एका कुशीवर मंद घोरत होती, दोन्ही तळहात उघडे, उशीवर टाकलेले. बायकोने बाळाला उचललं आणि मला दार लोटून घ्यायला सांगितलं.